प्रमेय पाठ, प्रोग्रॅम अडला

मा. संपादक महोदय,

बी.एस्सी.च्या बदलत्या अभ्यासक्रमावर आपल्या स्तंभात पत्रे येत आहेत, म्हणून यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी गणित शिकवणाऱ्याचीही एक सूचना मांडतो. ए आणि बी या दोन हर्मिशियन मॅट्रिक्स (संख्यांची चौकोनी कोष्टके, ज्यांत कर्णाच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या संख्या एकमेकींच्या संयुग्मी असतात) क्रमनिरपेक्ष असतील, म्हणजे एबी आणि बीए हे गुणाकार सारखे येत असतील, तर एकाच युनिटरी (लांबी न बदलता फिरवणाऱ्या) मॅट्रिक्सने दोन्ही एकदम डायगोनल करता येतात, म्हणजे कर्णाबाहेर फक्त शून्ये उरतात, हे प्रमेय आमची मुले परीक्षेत बिनचूक लिहितात. तेच संगणकावर करायला सांगितले की बहुतेक जण पहिलीचे आयगेन व्हेक्टर (मॅट्रिक्सने गुणल्यावर जे फक्त काही पट होतात असे सदिश; तो गुणक म्हणजे आयगेन व्हॅल्यू) काढून दुसरीला लावतात आणि तिथेच फसतात.

पहिलीच्या कर्णावर १, १, २ घ्या. दुसरीत पहिल्या दोन ओळी-स्तंभांच्या चौकोनात कर्णावर शून्ये, उरलेल्या दोन जागी उणे आय आणि आय (आय म्हणजे उणे एकचे वर्गमूळ), व शेवटच्या कोपऱ्यात ३ ठेवा; दोन्हींत बाकी सगळीकडे शून्ये. दोन्ही क्रमनिरपेक्ष आहेत. परंतु पहिलीत १ ही आयगेन व्हॅल्यू दोनदा असल्याने प्रोग्रॅम एकक मॅट्रिक्सच परत देतो आणि दुसरी जशीच्या तशी राहते. दुसरीला एखाद्या संख्येने गुणून पहिलीत मिळवावे, असा उपाय हुशार मुले सुचवतात. पण ती संख्या उणे अर्धा निघाली, तर पुन्हा दोन व्हॅल्यू एक होतात. असा योग क्वचितच येतो हे मान्य; मात्र व्हॅल्यू नुसत्या जवळ आल्या तरी राउंडिंगची चूक फुगते, आणि मोजमापातून आलेल्या मॅट्रिक्स काटेकोरपणे क्रमनिरपेक्ष असतील अशी अपेक्षाच करू नये.

एक मॅट्रिक्स डायगोनल करण्याच्या गणितज्ञ जॅकोबी यांच्या १८४६ मधील पद्धतीचा विस्तार बुन्से-गर्स्टनर, बायर्स व मेहरमान यांनी १९९३ मध्ये अशा जोड्यांसाठी मांडला. त्यात एका वेळी दोनच ओळी-स्तंभ फिरवायचे आणि कोन असे निवडायचे, की दोन्ही मॅट्रिक्सच्या कर्णाबाहेरील संख्यांच्या वर्गांची एकत्रित बेरीज घटत जावी. फिरवणे युनिटरी असल्याने चुका फुगत नाहीत. वरची जोडी तर एकाच पायरीत सुटते.

ऑक्टेव्ह व पायथन ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि प्रयोगशाळेतले जुने संगणकही याला पुरतात. अभ्यास मंडळाने हे प्रॅक्टिकलमध्ये घ्यावे, आणि प्रत्येक फेरीनंतर ती बेरीज किती उरली, याची छापील प्रत मागावी. मागच्या वर्षीचे जर्नल उतरवून ती देता येणार नाही, अशा वेगवेगळ्या मॅट्रिक्स मुलांना द्याव्यात.

आपला,
गणिताचा एक अध्यापक, जि. यवतमाळ