वायर अडीचची, एमसीबी बत्तीसचा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वीजजोडणी देताना वायरची जाडी आणि एमसीबीचे अँपिअर यांचा मेळ तपासण्याबाबत

सन्माननीय महोदय,

मी दापोली तालुक्यात वीजजोडणीची कामे करणारा परवानाधारक कंत्राटदार आहे. गेल्या मे महिन्यात किनाऱ्यालगत पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्या एका गृहस्थांनी मला बोलावले, कारण त्यांच्या माळ्यावरून जळकट वास येत होता. वर चढून पाइपातली अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) वायर ओढली, तर तिचे आवरण सुकलेल्या सालीसारखे हातात तुटून आले. खाली बोर्डात त्याच वायरला ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, लावलेला होता. "आधी १६ चा होता, पण पाहुणे आले की सारखा पडायचा. मोठा बसवला तेव्हापासून काही त्रास नाही," असे त्यांनी मला अगदी समाधानाने सांगितले. त्या समाधानामुळेच मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

एमसीबी हा उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो भिंतीत आणि माळ्यावर दडलेल्या वायरचा रक्षक आहे. म्हणून उपकरणांचा एकत्रित प्रवाह एमसीबीच्या अँपिअरपेक्षा जास्त नसावा आणि एमसीबीचे अँपिअर वायरच्या वहनक्षमतेपेक्षा जास्त नसावेत, हा या कामाचा पायाभूत नियम आहे. एमसीबी वारंवार पडत असेल, तर भार वाटून दुसरे सर्किट काढावे किंवा जाड वायर ओढावी. नुसता एमसीबी मोठा करणे म्हणजे रक्षकालाच झोपवणे होय.

आता त्या माळ्यावरच्या वायरचा हिशेब मांडतो. तांब्याची अडीच एमएमची पीव्हीसी वायर पाइपातून नेली असता ३० अंश तापमानाला साधारण २४ अँपिअर वाहू शकते. मे महिन्यात तापलेल्या कौलांखाली ४५ अंश धरले, तर तिची क्षमता १९ अँपिअरवर येते. त्याच पाइपात दुसऱ्या सर्किटच्या वायरी असतील, तर जेमतेम १५ उरते. त्या सर्किटवर दीड टनाचे एसी यंत्र, दोन किलोवॅटचा गीझर आणि तेवढ्याच क्षमतेची इंडक्शन शेगडी एकाच वेळी चालत असे, म्हणजे सुमारे २५ अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्या वायरमध्ये सोसवेल त्याच्या पावणेतीनपट उष्णता निर्माण होत होती, आणि पीव्हीसीचे आवरण तर सतत ७० अंशांपर्यंतच टिकते. ३२ चा एमसीबी मात्र २५ अँपिअरला कधीच पडणार नाही. मानकानुसार तो आपल्या आकड्याच्या १.१३ पट, म्हणजे ३६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह तासभर न पडता वाहू देतो, आणि १.४५ पट, म्हणजे ४६ अँपिअरच्या वर गेल्यावरही पडायला तासाभराचा अवधी घेऊ शकतो. शॉर्टसर्किट झाले तर तो तत्काळ पडेल. पण अतिभाराची संथ भाजणी त्याला दिसतच नाही. गळतीचा प्रवाह ओळखणाऱ्या ईएलसीबीलाही ती दिसत नाही, हे येथे मुद्दाम सांगतो, कारण तो बसवला म्हणजे सर्व झाले असे मानणारे अनेक ग्राहक मला भेटतात.

कोकणात हा धोका अधिक का, हे आपण येथील एखादे घर पाहिलेत तर लगेच लक्षात येईल. लाकडी वासे, जुनी पाटणी, माळ्यावर रचलेला पेंढा आणि नारळाची सोडणे, आणि त्यांच्यामधून गेलेल्या वायरी. पूर्वी या घरात चार दिवे आणि दोन पंखे होते. आता तेथे पर्यटकांच्या खोल्या झाल्या आणि गणपतीत चाकरमानी आले की सगळा भार एकदम चढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात उडालेल्या छपरांखालची जोडणी घाईघाईने पुन्हा झाली, तेव्हा मिळेल ती वायर आणि मिळेल तो एमसीबी लागल्याचे मी स्वतः पाहिले आहे. घाईत दोष कुणाला देणार. पण त्यातली अनेक कामे आजही तशीच आहेत.

माझी मागणी मर्यादित आहे. नवी जोडणी देताना आम्ही जो तपासणी अहवाल देतो, त्यात इन्सुलेशन आणि अर्थिंगची मोजमापे असतात. परंतु कोणत्या सर्किटला कोणत्या जाडीची वायर आणि किती अँपिअरचा एमसीबी आहे, हे माझ्याकडे आजवर कुणी मागितलेले नाही. हा सर्किटनिहाय तक्ता अहवालात अनिवार्य करावा आणि ग्राहकाने मंजूर भार वाढवून मागितला की तो नव्याने घ्यावा, कारण मीटरपुढचा भार वाढतो तेव्हा घरातली वायर जुनीच राहते. त्याच तक्त्याची एक प्रत बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवणे बंधनकारक केले, तर पुढे एमसीबी बदलायला येणाऱ्या कारागिराला त्या वायरची मर्यादा समोरच दिसेल. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांपासून याची सुरुवात करावी, कारण तेथे झोपणाऱ्या पाहुण्याला माळ्यावर काय आहे हे ठाऊक असण्याचा संभवच नसतो.

त्या गृहस्थांच्या घरी मी एसी, गीझर आणि शेगडीसाठी तीन स्वतंत्र सर्किटे वेगवेगळ्या पाइपांतून, चार एमएमच्या वायरीने ओढली आणि प्रत्येकाला १६ चा एमसीबी लावला. असा तक्ता कसा असावा, याचा नमुना मी तयार केला असून आपल्या विभागाने मागितल्यास तो सादर करीन.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक वीज कंत्राटदार
ता. दापोली, जि. रत्नागिरी