शिक्षेआधी हिशेब उघडा करा

९ डिसेंबरच्या आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी दिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेला, कठोर शिक्षेची मागणी करणारा लेख वाचला. त्यातील संताप रास्तच आहे. पण शिक्षा होते ती पैसा गेल्यावर, आणि शाळेतल्या मुलांचे ते वर्ष काही परत येत नाही.

युगांडात १९९१ ते १९९५ या काळात सरकारने प्राथमिक शाळांना पगाराव्यतिरिक्त दिलेल्या अनुदानापैकी सरासरी अवघे १३ टक्के शाळांपर्यंत पोहोचत होते. बहुतेक शाळांच्या हाती तर काहीच पडले नव्हते. पाहणीत हे उघड झाल्यावर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली, हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांना मिळालेली रक्कम फलकावर लावायला सांगितले. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. याचे सारे श्रेय वर्तमानपत्रांचे नव्हे, इतर सुधारणाही झाल्या होत्या. पण आकडा ठाऊक असलेल्या पालकाला जाब विचारता येतो, हे निर्विवाद.

आपल्याकडे माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ हेच सांगते: अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थींचा तपशील कोणी मागण्याची वाट न पाहता जाहीर करावा. तरीही अनेकदा अर्ज आणि अपिलांची पायपीट नागरिकाच्याच वाट्याला येते. आपल्या दैनिकाने जिल्हा परिषद शाळांना मिळालेल्या निधीचे आकडे जिल्हा आवृत्तीत नियमित छापावेत, ही आग्रहाची विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा