रविवारची ड्यूटी मी सोडली आहे

पुणे, 12 मे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

हे फोनवर सांगायचे मी तीनदा ठरवले आणि तिन्ही वेळा आईच्या "जेवलीस का?" या प्रश्नापाशी माझे धैर्य संपले, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून ते मोठ्याने वाचा, म्हणजे आईलाही ऐकू येईल. आणि मधल्या ओळी गाळू नका, तुमची ती सवय मला ठाऊक आहे.

त्या आजीबाईंच्या घरी रविवारी शुश्रूषेला जाण्याचे जे काम मी दोन वर्षे करत होते, ते या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सोडले आहे. तुम्हाला न विचारता सोडले आणि आता सांगते आहे, याची आधीच क्षमा मागते. त्यामुळे दरमहा घरी येणारे 14,000 रुपये आता 9,500 होतील. हे वाचताच बाबा मनातल्या मनात खरिपाचा हिशेब मांडू लागतील, म्हणून घरचा हिशेब मीच मांडून ठेवते: गॅसचे सिलिंडर, दोघांच्या गोळ्या, आईच्या गुडघ्याचे तेल, विजेचे बिल आणि किराणा हे सगळे 9,500 रुपयांत बसते, मी दोनदा बेरीज केली आहे. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवण्याचे पैसे वेगळे पाठवले आहेत. ते बियाण्यात घालायचे नाहीत. बियाण्यासाठी मी दोन महिन्यांपासून थोडे बाजूला टाकते आहे, ते जूनच्या पहिल्या आठवड्यात येतील. तुमच्या ताटातला एक घासही मी कमी होऊ देणार नाही, एवढे आधी मनात धरा आणि मग पुढचे वाचा.

कारण असे घडले की, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी वॉर्डात एका खाटेवरच्या रुग्णाची सिरिंज मी दुसऱ्या खाटेपाशी घेऊन उभी होते. मनगटावरची पट्टी वाचली म्हणून हात थांबला, कोणाला काही झाले नाही. पण त्यानंतर भांडारघरात जाऊन मी बसले तेव्हा माझे गुडघे थरथरत होते आणि त्या महिन्यात मी एकदाही पुरती झोपले नव्हते हे मला तेव्हा कळले. सहा दिवस वॉर्ड, सातव्या दिवशी आजीबाई, आणि आठवा दिवस म्हणून काही नसतोच. उपासनेला गेले नव्हते त्याला सात महिने झाले होते, आणि तुम्ही फोनवर विचारत होता तेव्हा मी "हो, जाते" म्हणत होते. हे खोटे बोलणे मला त्या सिरिंजपेक्षा जास्त लागले आहे.

लहानपणी बाबा बंडीत बसवून मान्न्याची, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाची गोष्ट सांगायचे, ती मी बायबलातल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात पुन्हा वाचली. रोज सकाळी त्या दिवसापुरते गोळा करायचे, उद्यासाठी साठवले तर त्यात किडे पडायचे, आणि सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचे व ते सातव्या दिवशीही चांगले राहायचे, एवढे मला आठवत होते. जे आठवत नव्हते ते असे की, सातव्या दिवशीसुद्धा काही लोक टोपल्या घेऊन गोळा करायला गेलेच आणि रिकाम्या हातांनी परत आले. दोन वर्षे मी त्याच लोकांत होते. बाबा, तुम्ही म्हणाल की प्रभू येशूने शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशीही रोगी बरे केले; केले, पण तोच प्रभू वादळात नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपलाही होता, आणि पहाटे उठून एकांतात जात होता. मी परिचारिका आहे, प्रभू नव्हे, मग माझे झोपेवाचून कसे चालेल?

आता रविवारी मी उपासनेला जाते, दुपारी झोपते आणि संध्याकाळी कपडे धुते. इतर दिवशी मोठे काही करत नाही, कारण मोठे ठरवले की ते चौथ्या दिवशी मोडते. वॉर्डात हात धुण्याची जी पूर्ण पद्धत आहे तिला 40 ते 60 सेकंद लागतात; तेवढ्यात प्रभूची प्रार्थना घाई न करता पुरी होते, म्हणून प्रत्येक रुग्णाकडे जाण्याआधी मी ती नळापाशी मनात म्हणते. दिवसातून किती वेळा होते ते मोजलेले नाही, पण "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" ही ओळ आली की मला दर वेळी आईचा तवा दिसतो. त्या ओळीतही आजचीच भाकर मागितली आहे, महिन्याची नव्हे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते. रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवते, वहीत त्या दिवशी जे जड गेले ते नावानिशी लिहिते आणि चौथे स्तोत्र वाचून दिवा मालवते. काही रात्री शब्द कोरडे असतात आणि मला काहीच वाटत नाही. तरी वाचते, जशी भूक नसताना आई घास भरवायची तशी.

हे सगळे मी तुमच्याच घरातून उचललेले आहे. बाबा, पहाटे बैलांना कुटार टाकून गोठ्याच्या खांबाला टेकून तुम्ही पुटपुटत असायचा, तेव्हा मला वाटायचे की तुम्ही बैलांशी बोलता. संध्याकाळी दिवा लागला की आईच्या मांडीवर मी प्रार्थना संपण्याआधीच झोपून जायचे आणि आई मला "आमेन" म्हणण्यापुरती हलवून उठवायची. आई रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग म्हणत भाकरी थापायची, आणि अभंग लांबला की माझी भाकर करपायची. टिळकांची आगगाडीतली गोष्ट तर तुम्ही इतक्या वेळा सांगितली आहे की आपल्या बैलांनाही ती पाठ झाली असेल: 1893 साली राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, ते वाचत वाचत येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले, आणि 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच प्रवचनात उद्याची चिंता करू नका असे सांगितले आहे. गोष्ट सांगणारे तुम्ही, आणि रात्री दोन वाजता अंगणात बाजेवर उठून बसणारेही तुम्हीच.

नाताळात मी आजोबांचे पवित्र शास्त्र उघडले होते. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या सोहळ्याहून येताना त्यांनी आणलेले, ज्याला आईने साडीच्या काठाचे कव्हर शिवले आहे, तेच. त्यात स्तोत्रांच्या पानांमध्ये सोसायटीच्या पावत्या, कृषी केंद्राची उधारीची चिठ्ठी आणि बँकेची नोटीस घडी करून ठेवलेली होती, आणि ती पाने एकमेकांना अशी चिकटली होती की बरेच दिवसांत कोणी उलटली नसावीत. मी काही बोलले नाही, जशीच्या तशी घडी घालून ठेवली. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, कारण सात महिने खोटे बोलणारी मी कोणत्या तोंडाने दोष देणार.

पण बाबा, हिज्कीया राजालाही अश्शूरच्या राजाचे धमकीचे पत्र आले होते. त्याने ते वाचले, मंदिरात नेले आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवले. घडी करून पानांत दडपले नाही. तेव्हा तुम्ही असे करा: या रविवारी जेवण झाल्यावर त्या सगळ्या पावत्या सतरंजीवर मांडा, आईला जवळ बसवा, एकेक वाचा, आणि मगच प्रार्थना करा. त्यानंतर वहीच्या एका पानावर कोणाचे किती ते लिहा आणि दादाकडून त्याचा फोटो मला पाठवा. आईपासून आकडा लपवू नका. ती आकड्याला भीत नाही, तुमच्या गप्प बसण्याला भिते. आणि देवापुढे कुरकुर करणे म्हणजे अविश्वास, असे जे तुम्ही मानता, त्यावर तेरावे स्तोत्र वाचा. त्यात सुरुवातीलाच चार वेळा "किती वेळ" असे विचारले आहे, आणि ते तरीही स्तोत्रच आहे.

आता गोळ्यांविषयी, आणि इथे मी मुलगी म्हणून नाही तर सिस्टर म्हणून बोलते. शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेला बाबा साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहतात, हे मला आईने नव्हे, दादाने सांगितले, म्हणून आईवर रागावू नका. ती गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम उतरते; घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि वावरात एकटे असताना असे झाले तर कोणाला कळणारही नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले. (लहानपणी मला वाटे की देवदूताने आपल्यासारखे गोवऱ्यांवर पानगे लावले असतील.) तेव्हा शुक्रवारी प्रार्थनेला अवश्य बसा, पण जेवून बसा. उपवासच करायचा असेल तर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय पाहा. भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याला तिथे उपवास म्हटले आहे. पाळकसाहेबांशी मी बोलले आहे, त्यांना काही अडचण नाही. बीपीची गोळी प्रार्थनेने भागत नाही आणि प्रार्थना गोळीने भागत नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी ठेवा: सकाळी चहाआधी एक स्तोत्र, न्याहारीनंतर गोळी. वखरणी सकाळी नऊपर्यंत आटोपा. दुपारी धुऱ्यावरही जायचे नाही, डोक्याला ओला दुपट्टा असला तरी नाही. धूळपेरणीची घाई यंदा करू नका.

आणखी एक, फवारणीची औषधे घरात, कोठीत किंवा मोरीजवळ ठेवू नका. दादाची मुले आता सगळीकडे हात घालतात. दादाला सांगून गोठ्यामागच्या खोलीत कुलपात ठेववून घेतली आहेत आणि किल्ली त्याच्याकडेच राहील. पलीकडच्या वावरातले काका गेल्यापासून तुम्ही त्यांच्या धुऱ्यापाशी बराच वेळ बसता, असे आई म्हणाली. बसा, पण बुधवारच्या घरसभेलाही जा, आणि झोप अशीच लागत नसेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना ते सांगा. मी सोबत येईन. रविवार मोकळा झाल्यामुळे शनिवारी रात्रीच्या गाडीने येणे आता मला जमते, हा एक फायदा मी मुद्दाम शेवटी सांगायला ठेवला होता.

आई, तू पुन्हा अभंग म्हणायला लाग. आवाज बसला आहे म्हणतेस, तर बसलेल्या आवाजात म्हण. भाकर करपली तर बाबा खातील.

दर रविवारी संध्याकाळी सात वाजता मी फोन लावीन आणि आपण तिघे एक स्तोत्र वाचू. कोणते ते बाबांनी निवडायचे. फोन आधी चार्ज करून आईच्या बाजेपाशी ठेवा. लाइट गेली असेल आणि टॉवर मिळत नसेल तर मी साडेसातला पुन्हा लावीन, आठला पुन्हा लावीन.

तुमचीच,
बेबी

ता. क. आईने लोणच्याच्या कैऱ्या यंदा पाच किलोच्या वर फोडू नयेत, मनगट दुखते. मला एक छोटी बरणी पुरे.