काकूंचं लिंबू

बेळगाव, दिवाळीनंतरचा सोमवार

बाळ्या,

काय करूलैस बे? तीन महिने फोन उचलला नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे आहेत तसेच.

विषय काकूंच्या लिंबाचा. सप्टेंबरात तुला फोटो टाकलेला बघ, झाड फुलांनी पांढरंफेक, वहिनींनी स्टेटसला पण ठेवलेला. हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा फुलोरा, धरलाय, उन्हाळ्यात लिंबं महागली की पाटी भरून पाठवतो, असं मी कॉलर ताठ करून सांगितलेलं. बाळ्या, तो बहार नव्हता रे. बुंध्याची साल कुजली की पानांनी केलेलं अन्न मुळाकडं उतरत नाही, वरच फांद्यांत अडकतं, आणि मरायला टेकलेलं झाड असं येड्यासारखं फुलतं. आणि मी खाली उभारून फोटो काढूलोय.

दसऱ्याची साफसफाई करताना बघतोय तर बुंध्यातनं डिंक गळतोय, मधासारखा. पानं पिवळी, मधली शीर तर जास्तच. डिंक्या! बुरशीचा रोग हा. केलं कुणी, तर मीच. मे महिन्यात हौसेनं गोल कट्टा बांधला, तांबडी माती नि शेणखत बुंध्याला चिकटून दीड फूट भरलं, वर फरशी. झाड शोभलं पाहिजे ना! मग आपला पाऊस. जुलैभर बुंधा चिखलात, त्यात ती बुरशी पाण्याबरोबरच पसरते. शेजारच्या अक्का तेव्हाच कंपाउंडवरनं म्हणाल्या होत्या, "बुडक्क मण्ण हाकब्याड्री." बुडाला माती घालू नका. मला वाटलं त्यांच्याकडं झुकलेल्या फांदीवरनं बोलूलैत. (बेळगाववरनं महाराष्ट्र-कर्नाटकाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमच्या फांदीचा त्याच्याही आधीपासनं पेंडिंग. लिंबं मात्र त्याच काढतात.)

मग काय, कट्टा फोडला, मुळांचा माथा उघडा केला, कुजकी साल सुरीनं चांगली ओली साल लागेपर्यंत खरवडली. वर बुरशीवरची बोर्डो पेस्ट. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, लिटरभर पाणी. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचं, लोखंडाची बादली अजिबात नको, मग एकत्र करायचं आणि खिळा बुडवून बघायचा, खिळ्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला. आमच्या खिळ्यावर दोनदा चढलं. आता बुंधा अडीच फुटांपर्यंत निळा, पोरगं म्हणतंय झाडाला प्लास्टर घातलंय.

पण खरवडताना कळलं, निम्म्याहून जास्त घेर गेलाय. एवढं गेल्यावर झाड सहसा उठत नाही. भार नको म्हणून फुलं, बारकी फळं सगळी तोडून टाकली. तोडताना कसंतरीच झालं.

आणि खरवडताना ती जुनी गाठ सापडली, मोडलेल्या फांदीची. तू अजून म्हणतोस मी मोडली. तू मोडलीस, मार मी खाल्ला, आणि काकूंनी कुंदा मला दिला, तेच तुला चाळीस वर्षं सलतंय.

बाकी बागेत गुलाब पाऊस सरल्यावर छाटले. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलेत, निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात कालवून मारलं, पण मुंग्यांची वाट आधी मोडायला पाहिजे, त्याच ढेकणांना गुरासारख्या राखतात. जाऊदे, कुणाला पडलीय जास्वंदीची.

तर काकू दर रविवारी तुमच्या घरनं फोन करतात, "माझं लिंबू काय म्हणतंय?" मी म्हणतो, मस्त. चार रविवार झाले. काल तर म्हणाल्या, यंदा लोणच्याला तिकडचीच पाठव, इथल्या लिंबांना वास नाही.

पहिल्याच दिवशी, काही उरलं तर उरलं म्हणून, फांदीवरच्या शेवटच्या पिकल्या लिंबांच्या बिया काढून, न वाळवता दुधाच्या पिशव्यांत लावल्या. कागदी लिंबाच्या एका बीतनं दोन-दोन रोपं येतात, आणि बहुतेक आईचीच नक्कल. अकरा उगवलीत. फळ धरायला चार-पाच वर्षं. काकूंना आता ऐंशी.

नवीन फ्लॅटला बाल्कनी आहे ना, ऊन किती तास येतं ते कळव. पोरीचा रिझल्ट? वहिनींना नमस्कार.

पण रविवारच्या आत सांग, काकूंना काय सांगू. तूच सांगणार असशील तर कट्ट्यात माझं नाव घे. फांदीचं घेऊ नको.

तुझा,
दिल्या