मशीनवरचं प्लास्टिक कधी निघणार? शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शिक्षणमंत्री,
स.न.वि.वि.

सर, मी मॅन्युफॅक्चरिंग आणि सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा नोटीस लागली की शेवटच्या सेमिस्टरचं ६ महिन्यांचं कारखान्यातलं ट्रेनिंग रद्द, त्याऐवजी घरी बसून केस स्टडी लिहायची आणि पीडीएफ अपलोड करायची. कारण काय तर 'प्रशासकीय कारणास्तव'. हे ट्रेनिंग बघूनच मी या कोर्सला आले. आमच्या लॅबच्या उद्घाटनाला तुम्ही स्वतः स्टेजवरून म्हणाला होतात की इथली मुलं मशीनवर हात ठेवून शिकतील. मी तिसऱ्या रांगेत होते, टाळ्या मीही वाजवल्या.

त्या लॅबला आज कुलूप आहे. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आलं तेव्हाचंच प्लास्टिक आहे, त्याला लागणारं थ्री फेज वीज कनेक्शनच दिलेलं नाही. आम्ही खिडकीच्या काचेला नाक लावून मशीन बघतो.

याने काय होतं ते सांगते. मागच्या महिन्यात एका इंटरव्ह्यूला गेले, तर त्यांनी थेट शॉप फ्लोअरवर नेलं आणि म्हणाले, या लाइनचा बॉटलनेक दाखव, म्हणजे जिथे काम अडून सगळी लाइन हळू होते ती जागा. मी सगळ्यात मोठ्या, सगळ्यात जास्त आवाज करणाऱ्या मशीनकडे बोट केलं. शेजारचा ऑपरेटर हळूच म्हणाला, "ताई, माल कुणाच्या पुढ्यात साचलाय ते बघा." एका छोट्या ड्रिलिंग मशीनसमोर कमरेएवढे क्रेट रचलेले होते आणि त्याच्या पुढच्या स्टेशनवरचा माणूस रिकामा बसला होता. बॉटलनेकची व्याख्या मला तोंडपाठ आहे सर, त्यावर मार्क मिळवलेत मी, पण समोर असलेला ओळखता आला नाही. नोकरी गेलीच. येताना बसमधे तोंडाला ओढणी लावून रडले, घरी वडिलांनी विचारलं कसा झाला, मी म्हटलं बरा झाला. माझ्या फीसाठी त्यांनी कर्ज काढलंय.

पेपरात ईओक्यूचं गणित येतं, म्हणजे एका वेळी किती माल मागवला तर खर्च सगळ्यात कमी येईल ते काढायचं. फॉर्म्युला हॅरिस नावाच्या इंजिनियरचा, १९१३ सालचा. वर्षाची मागणी, ऑर्डरचा खर्च, साठवणीचा खर्च सगळं दिलेलं असतं, आम्ही फक्त वर्गमूळ काढतो. कारखान्यात हे आकडे कुणी हातात देत नाही, स्टोअर, पर्चेस, अकाउंट्स असं फिरून गोळा करावे लागतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, हे मला एका सीनियरने सांगितलं, वर्गात कुणी नाही. त्याच १९१३ मधे फोर्डच्या कारखान्यात आधी दोरीने गाडीची चासी (सांगाडा) ओढून बघितली, माणसं पुढेमागे केली, घड्याळ लावलं, असं करत करत चासी जोडायचं साडेबारा तासांचं काम पुढच्या वर्षी ९३ मिनिटांवर आणलं. पीडीएफ लिहून नाही आणलं.

आणि आता रागाने लिहितेय तर लिहितेच. टोयोटाच्या लाइनवर कुठल्याही कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढतो आणि सुपरवायझर धावत येतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. आम्ही लॅबसाठी अर्ज दिला तेव्हा धावत कुणीच आलं नाही, उलट इंटर्नल मार्कांची आठवण करून दिली. अर्ज विभागाकडून विद्यापीठाकडे, विद्यापीठाकडून तुमच्या खात्याकडे, तिथून 'योग्य कार्यवाहीसाठी' परत विभागाकडे. प्रत्येक टेबलावर काम पडून आणि पुढचा माणूस वाट बघत, त्या ड्रिलिंग मशीनसारखंच. फक्त इथे क्रेटमधे आमची वर्षं आहेत. मार्च २०२१ मधे सुएझ कालव्यात ४०० मीटरचं जहाज अडकलं तर ६ दिवसांत सोडवलं सर, सगळं जग मागे लागलं होतं. आमच्या मागे कुणी नाही म्हणून एक वीज कनेक्शन २ वर्षं अडकून राहतं.

ट्रेनिंग रद्द केल्याची नोटीस सेमिस्टर सुरू व्हायच्या आत मागे घ्या. लॅबचं कनेक्शन कुठल्या तारखेला होणार आणि ते कोणाच्या टेबलावर अडलंय, हे लेखी कळवा. 'लवकरच' असं उत्तर नको, तारीख हवी.

आपली,
शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी