सुध्या, नळ्या अजून आहेत

नाशिक, रविवार

प्रिय सुध्या,

दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे.

भाऊंचा सातपूरचा गाळा विकला. गुरुवारी आवरायला गेलो तर माळ्यावर गोणपाटात आपल्या विमानाच्या नळ्या. अठराच्या अठरा. एकीवर लाल ऑइलपेंटनं तुझं 'डावा पंख', त्याखाली पम्यानं लिहिलेलं, जे पत्रात लिहिता येत नाही. तुझी ती फाइलही निघाली. अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलक्या विमानांसाठीचा १९८२ चा अमेरिकेचा नियम: एक सीट, रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत, म्हणजे आपले ११५ किलो, पेट्रोल पाच गॅलन, लायसन्स नको, नोंदणी नको. तू तो कागद आप्पांपुढे धरून 'सरकारमान्य आहे' म्हणालास, आणि आप्पांनी चष्म्यावरून विचारलं, "कुठलं सरकार?"

भंगारवाल्याला फोन करून झाला आणि अनिकेत आला. बेंगळुरूला नोकरीला लागल्यापासून त्याच्या डोक्यात राजहंस शिरलाय. राजहंस अल्ट्रालाइट्स, एका फ्रेंच माणसानं तिथे काढलेली कंपनी. त्यांचं एक्स-एअर विमान म्हणजे अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि वर शिवलेलं डेक्रॉनचं कापड, किटमध्ये येतं. त्याच्या एका मॉडेलचं नाव हनुमान आहे, सुध्या! आणि अंजनेरीच्या पायथ्याशी बसून मी हेच नाव सुचवलं तेव्हा तू हसलास. तुला चेतक हवं होतं. स्कूटरचं नाव विमानाला!

खरी गंमत पुढे आहे. हे एक्स-एअर आपल्या वीडहॉपरच्याच घराण्यातलं. जॉन चोटियाचं यूटामधलं ते मशीन, दोन-अक्षांचं, पंखांना एलरॉन, म्हणजे विमान कलवायच्या हलत्या पट्ट्या नसलेलं, ज्यावरून आपण दोन महिने भांडलो. इंजिनसुद्धा त्यानं स्वतःचं काढलं होतं, ४६० सीसी, एकच सिलिंडर. तो गेल्यावर कंपनी या हातातून त्या हातात फिरत राहिली. पण डिझाइन फ्रान्सला पोचलं, दोन माणसांचं झालं, आणि त्याच वळणाचं एक्स-एअर बेंगळुरूत बनायला लागलं. आपल्याला वीडहॉपर टपालानं मागवायचं होतं.

अनिकेत म्हणतो, "मामा, भंगारात घालू नकोस. मी जोडतो." मी नाही म्हटलं. नळी कुठल्या ग्रेडची ते आपण दुकानदाराला विचारलंसुद्धा नव्हतं, 'एक नंबर माल' म्हणाला आणि आपण टेम्पोत भरल्या. आता गोणपाटाच्या ओलीनं खड्डे पडलेत. भोकं तुझ्या हँडड्रिलची, कडा न घासलेल्या. तडा अशाच जागी सुरू होतो. ओझरला मिगचे भाग तपासण्यात माझा जन्म गेला रे, यातली एक नळी माझ्या टेबलावरून पुढे गेली नसती. तर हा म्हणतो, "चोटियानं कुठे एवढं तपासलं असेल?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चोटिया एक्क्याऐंशीत स्वतःच्याच विमानात गेला."

आणि मी तिथेच खाली बसलो. कारण हेच वाक्य मी आप्पांना म्हटलं होतं. हो. पम्या नव्हता, मी होतो. मासिकात ती बातमी वाचल्यापासून मला झोप नव्हती. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, तो नवं काहीतरी उडवत होता, आपलं जुनं आहे. आणि मला ते पटलं असतं. आप्पांनी इंजिनाचे पैसे अडवले, तू पम्याशी बोलणं टाकलंस, आणि मी दोघांना वेगवेगळ्या वेळी चहा पाजत राहिलो. चाळीस वर्षं. पम्याला सगळं ठाऊक होतं. परवा विचारलं तर म्हणतो, "राहू दे, सुध्याला रागवायला कुणीतरी लागतंच."

अनिकेतला परत काय सांगू? डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान खात्याच्या, परवानग्यांची भीती घातली तर तो कागद गोळा करायला लागला. हुबेहूब तू. त्याच्या आईला सांगावं असं दोनदा मनात आलं, फोन उचलला आणि ठेवला.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मयीच्या लग्नाला आलो नाही, त्याचं कारण वर आलंच, पम्याही येणार होता. घर बदललंस म्हणे, पत्ता जुनाच टाकतोय.

नळ्यांपैकी नऊ तुझ्या. भंगारवाला बुधवारी येतोय, त्याच्या आत फोन कर. आधी शिव्या, मग नळ्यांचं.

तुझा,
दिल्या

ता. क. पम्याचा नंबर तोच आहे.