दादा, पंप खोलायच्या आधी धूर बघ

प्रिय दादा,

आई काल फोनवर म्हणाली की पिकअप परत सकाळी सकाळी त्रास द्यायला लागलीये, कांदा लासलगावला न्यायला दुसऱ्याची गाडी भाड्याने करावी लागली, आणि मेकॅनिक आता तिचा डिझेल पंप (इंजिनात डिझेल दाबून पाठवणारा) खोलायचा म्हणतोय. फोनवर तू घाईत असतोस आणि हे सगळं नीट लिहून दिलेलंच बरं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, संध्याकाळी निवांत वाच. पण एक गोष्ट आत्ताच ऐक, पंपाला हात लावू देऊ नकोस. खर्च मोठा आहे आणि माझ्या मते दुखणं बहुतेक दुसरीकडेच आहे.

माझ्याकडची गाडी तुला माहितीये, 2003 ची, 1.9 लिटरचं डिझेल इंजिन. आम्ही इथे जर्मनीत उल्मच्या वरच्या पठारावर राहतो, इथे जानेवारीत रात्री उणे 10, उणे 12 सहज होतं आणि गाडी उघड्यावर असते. गेल्या हिवाळ्यात तिचं असंच सुरू झालं, सेल्फ चांगला फिरायचा पण इंजिन पकडायचंच नाही, मग कधीतरी दोन सिलेंडरवर धडधडत उठायचं, अख्खी गाडी हलायची, मागून पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास, आणि मिनिटभरात सगळं सुरळीत, जणू काही झालंच नव्हतं. इथल्या एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडता पंपाचं इस्टिमेट दिलं होतं! शेजारचे आजोबा आयुष्यभर डिझेल इंजिनांवर काम केलेले, ते म्हणाले आधी सायलेन्सरमधून काय येतंय ते सांग, बाकीचं नंतर. मला हे फार पटलं आणि तेच तुला सांगतेय.

हे बघ, डिझेलला स्पार्क नसतो. हवा दाबून दाबून साधारण विसाव्या हिश्शावर आणायची, ती 500 डिग्रीच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. थंडीत सिलेंडरचं गार लोखंड ही उष्णता ओढून घेतं, बॅटरी मंद असली तर इंजिन हळू फिरतं आणि दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते, म्हणजे अजून कमी तापते. त्यामुळे प्रश्न दोनच असतात, डिझेल आत पोचतंय का, आणि पोचत असेल तर पेटायला पुरेशी उष्णता आहे का. याचं उत्तर धूर देतो. सेल्फ मारताना मागून काहीच येत नसेल तर डिझेल पोचत नाहीये, म्हणजे नळीत हवा धरलीये, फिल्टर चोंदलाय किंवा पंपावरच्या सोलेनॉइडला (डिझेल सोडणारी विजेची झडप) करंट नाहीये. पांढरा धूर भसाभसा येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाहीये, मग उष्णता शोधायची, म्हणजे हीटर प्लग (सिलेंडर आतून तापवणारी विजेची कांडी), बॅटरी, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते). एवढं एक बघितलं की अर्धं काम झालं.

माझ्याकडे पांढरा धूर होता, म्हणून आधी बॅटरी. मल्टीमीटर लावून सेल्फ मारायचा आणि व्होल्टेज किती खाली जातं ते बघायचं, साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी, अर्थची वायर नाहीतर सेल्फ यांच्यापैकी कोणीतरी थकलंय. माझी दहाच्या वर राहिली. मग हीटर प्लग. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागून विझतो म्हणजे प्लग चांगले असं लोक समजतात, तसं काही नाही, कित्येक जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमर असतो, प्लग मेलेले असले तरी तो तसाच लागतो आणि विझतो. प्लगवरची पट्टी काढायची, साध्या टेस्टर बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावायची आणि दुसरं टोक प्लगच्या डोक्याला टेकवायचं, बल्ब लागला तर आतली कॉइल शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. पहिल्यावर लख्ख लागला, दुसऱ्यावर काही नाही, तिसऱ्यावर लागला, चौथ्यावर परत काही नाही. दोन मेलेले, म्हणूनच ती दोन सिलेंडरवर उठत होती.

चारही बदलले. पण जुने प्लग काढताना अजिबात घाई करायची नाही, इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडून ठेवून, थोडं सैल थोडं घट्ट करत काढायचे, कारण प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची वेळ येते. आणि नवीन प्लग बसवल्यावर रिले (प्लगना करंट सोडणारा स्विच) करंट देतोय का तेही त्याच बल्बने बघून घ्यायचं, नाहीतर प्लग कोरे आणि करंटच नाही असंही होतं.

एवढं करूनही काही सकाळी परत तेच, पण आता धूर बिलकुल नाही. म्हणजे दुखणं बदललं होतं. मग लक्षात यायला लागलं की चढावर तोंड करून लावली की त्रास देते आणि सपाटीवर लावली की टचकन सुरू होते. आजोबांनी फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावली, आणि सकाळी बघितलं तर नळीच्या वरच्या अंगाला बोटभर लांबीची हवा बसलेली, सेल्फ मारला की ती पुढे सरकायची आणि मागून सलाईनच्या नळीत दिसतात तसे बारीक बुडबुडे. फिल्टरवरच्या छोट्या रबरी ओ-रिंगमधून हवा आत जात होती. त्या रिंगा जुन्या झाल्या की कडक होतात, थंडीत अजून आखडतात, डिझेल बाहेर गळताना दिसतसुद्धा नाही पण रात्रभरात हवा आत घेतात आणि डिझेल टाकीकडे मागे उतरतं. नवीन रिंग चिल्लर पैशात मिळाली. पंप आहे तिथेच आहे आणि ह्या हिवाळ्यात गाडी पहिल्या सेल्फला उठतेय, उणे 12 ला सुद्धा.

आता तुझ्या पिकअपचं. निफाडला पारा 5-6 वर आला की तुमची द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची धावपळ असते आणि त्याच पहाटे गाडी रुसते हे मला माहितीये. इथे 16 नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर पेट्रोल पंपावर उणे 20 पर्यंत चालेल असंच डिझेल विकावं लागतं, कारण साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद पडतो. पण तशी गाडी बहुतेक आधी सुरू होते आणि थोडं अंतर गेल्यावर दम सोडते, तुझी तर उठतच नाही, म्हणजे ते नाही. दुसरं, तुझ्या गाडीला हीटर प्लग आहेत का ते आधी बघ, बऱ्याच जुन्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल थेट सिलेंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांना नसतातच. माझ्या गाडीला आहेत पण 9 डिग्रीच्या वर ते वापरलेही जात नाहीत. जुन्या प्रीचेंबरवाल्या (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या) इंजिनाला मात्र आपल्याकडच्या साध्या थंडीतही प्लग लागतातच.

तेव्हा उद्या पहाटे असं कर. सेल्फ मारायच्या आधी फिल्टरजवळचा हातपंप कडक लागेपर्यंत दाब. त्यानंतर गाडी लगेच उठली तर हवा धरतेय, नळ्या, क्लिपा, वायसर, रिंगा बघायच्या, शंभर-दोनशेचं काम. हातपंपाने फरक पडला नाही पण प्लग दोनदा गरम करून उठली तर प्लग किंवा रिले. दोन्हीने फरक नाही आणि सेल्फ मंद वाटतोय तर बॅटरी आणि अर्थ. आणि ह्यातलं काहीच नसेल, गाडी गरम असतानाही कुथत असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं, माझ्या इंजिनाला नवीन असताना 25 ते 31 बार असतं आणि 19 च्या खाली गेलं की काम काढायची वेळ आली असं समजतात, तुझ्या इंजिनाचा आकडा मेकॅनिककडून घे. पंपाचा नंबर ह्या सगळ्यानंतर.

आणि प्लीज, तो मेकॅनिकचा पोरगा एअर फिल्टर काढून पेटता बोळा धरतो ना, ते बंद कर, स्टार्टिंग स्प्रे तर नकोच. हीटर प्लग तापलेले असताना स्प्रे मारला तर तो वेळेआधीच भडकतो, पिस्टन आणि रिंगा फुटतात, आणि माणूस भाजतो ते वेगळंच. सेल्फही सलग दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नकोस, मध्ये थोडं थांब, नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जाईल.

वहिनीला मोबाईल घेऊन मागे उभं कर आणि पहिल्या सेल्फपासून धुराचा व्हिडिओ काढायला सांग, आवाजासकट. रात्री तुझ्या नऊला फोन करते, इथे तेव्हा साडेचार वाजलेले असतात आणि मी मोकळी असते, तोपर्यंत मेकॅनिकला फक्त थांब म्हण. आईअण्णांना नमस्कार, वहिनीला आणि पोरांना खूप खूप प्रेम.

तुझी,
चिमी